डॉ. दत्ता सामंत १९८४ मध्ये चुकीच्या सभागृहात गेले का?

परळचा_पाहुणा

डिसेंबर १९८४ च्या लोकसभा निवडणुकीत, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर उसळलेल्या सहानुभूतीच्या लाटेवर काँग्रेसने देशभर चारशेहून अधिक जागा जिंकल्या आणि मुंबईतल्या सहापैकी पाच मतदारसंघही तिच्याकडे गेले. सहावा मतदारसंघ मुंबई दक्षिण-मध्य, म्हणजे ढोबळमानाने आपले गिरणगाव. तेथून घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालवलेले एक एम.बी.बी.एस. डॉक्टर अपक्ष म्हणून निवडून आले. तोवर त्यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या मुंबईच्या कापड गिरण्यांतील संपाला जवळजवळ तीन वर्षे होत आली होती, बहुतेक गिरण्यांचे भोंगे एक तर बंद पडले होते किंवा निम्म्या मनुष्यबळावर वाजत होते, आणि संप हरला आहे हे मतदारांना पुरते ठाऊक होते. तरीही त्यांनी सामंतांना दिल्लीला पाठवले. या निकालाविषयी आपल्याकडे नेहमी भारावून बोलले जाते. मला त्याविषयी एक अप्रिय प्रश्न विचारायचा आहे.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाच्या मुख्य मागण्या तीन होत्या: पगारवाढ, वर्षानुवर्षे बदली म्हणून, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, राबणाऱ्यांना कायम करणे, आणि १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ‘बी.आय.आर.’, रद्द करणे. या कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघाला गिरणी कामगारांची एकमेव प्रातिनिधिक संघटना ठरवले होते. अडीच लाखांच्या आसपास माणसे सामंतांच्या मागे उभी असूनही मालकांना त्यांच्याशी बोलण्याचे कायदेशीर बंधन नव्हते, आणि संपाची सारी कोंडी या एका गाठीत होती. आता हा कायदा कोणाचा? मुंबई प्रांताच्या विधिमंडळाने केलेला, पुढे महाराष्ट्र राज्याकडे आलेला. तो बदलण्याची जागा मुंबईतले विधानभवन होते, दिल्लीतले संसद भवन नव्हे. सामंत १९७२ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर आमदार झालेले असल्यामुळे राज्याचे सभागृह कसे चालते, हे त्यांना शिकवण्याची गरज नव्हती. मग गिरणगावाने जमवलेली सगळी राजकीय पुंजी त्यांनी अशा सभागृहात का गुंतवली, जेथे चारशेच्या बहुमतासमोर एक अपक्ष खासदार म्हणजे एक हात वर, एवढेच होते?

माझे मत असे की ती जागा लढवणे ही संपातल्या अनेक चुकांपैकी शेवटची आणि सर्वांत कमी चर्चिलेली चूक होती. वेगळे मत असणाऱ्यांनी सविस्तर लिहावे. मात्र ‘डॉक्टर देवमाणूस होते’ किंवा ‘डॉक्टरांनी मुंबई बुडवली’ या दोन वाक्यांवर कृपया थांबू नये.

करी_रोड

प्रश्न चांगला आहे, पण तो आज नकाशा पसरून विचारलेला आहे. १९८४ मध्ये मी बारा वर्षांची होते. माझे वडील गिरणीच्या रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत, होते आणि आई आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत खाणावळ चालवत असे. संपापूर्वी आमच्याकडे अकरा जण जेवायला असत. बहुतेक सातारा आणि पाटणकडचे, दोघे मालवणचे. संप सुरू झाल्यावर पहिले दोन महिने आईने उधारीवर डबे चालू ठेवले. मे महिन्यापर्यंत नऊ जण गावी गेले, आणि त्यांपैकी पाच जणांची उधारी आमच्या वहीत तशीच राहिली. आईने ती वही शेवटपर्यंत फाडली नाही आणि कोणाकडे मागितलीही नाही. संपाविषयी लिहिताना गिरणीच्या दारावरच्या सभा आणि मोर्चे मोजले जातात, परंतु संप प्रत्यक्षात ज्यांनी ओढला त्यात या खाणावळवाल्या बायका आणि गावाकडून येणारी तांदळाची व नाचणीची पोती यांचा वाटा किती होता, हे कोणी मांडत नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते, म्हणून काही बायकांना निदान बँकेच्या कर्जाचा रस्ता माहीत झाला होता. आमच्या चाळीत तोही नव्हता.

हे सांगण्याचे कारण असे की मतदानाच्या दिवशी आमच्या घरातल्या दोन्ही प्रौढांनी डॉक्टरांना मत दिले आणि त्या दोघांपैकी कोणीही हे मत देऊन बी.आय.आर. कायदा रद्द होईल असे मानत नव्हते. वडील तेव्हा एका गोदामात रात्रपाळीचा पहारा करत होते. तीन वर्षे वर्तमानपत्रे, मंत्री आणि राष्ट्रीय मिल मजदूर संघाचे पुढारी एकच सांगत होते की कामगारांना संप नको आहे, डॉक्टरांनी आणि त्यांच्या दादागिरीने तो लादलेला आहे. गुप्त मतदानात कोणाची दादागिरी चालत नाही. कायद्याने ज्यांना आपला प्रतिनिधी निवडण्याचा हक्क नाकारला होता, त्या माणसांना तो हक्क त्या एका दिवशी कागदाच्या शिक्क्याने मिळाला आणि त्यांनी तो वापरला. तो दिल्लीच्या निवडणुकीत वापरला याचे कारण एवढेच की आधी दिल्लीची निवडणूक आली.

कलमवाला

मूळ लेखातील विधानात कायद्याच्या दृष्टीने एक दुरुस्ती आवश्यक आहे. बी.आय.आर. हा राज्याचा कायदा होता हे खरे. पण कामगार संघटना आणि औद्योगिक तंटे हे विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहेत, त्यामुळे त्या विषयावर संसदही कायदा करू शकते आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा हे अशा केंद्रीय कायद्याचे उदाहरण होते. म्हणजे लोकसभेचा दरवाजा तत्त्वतः बंद नव्हता.

व्यवहारात मात्र तो बंदच होता, आणि येथे मी परळचा_पाहुणा यांच्या निष्कर्षाच्या जवळ येतो. अपक्ष खासदाराच्या हाती कायदा करण्याचे एकच साधन असते, ते म्हणजे खासगी सदस्याचे विधेयक. त्यासाठी शुक्रवारची दुपार राखीव असते आणि कोणाचे विधेयक चर्चेला येणार हे चिठ्ठ्या टाकून ठरते. स्वातंत्र्यानंतर आजवर अशी अवघी चौदा विधेयके कायदा झाली असून त्यांतले शेवटचे १९७० मध्ये. सभागृहात बोलायला मिळणारा वेळ पक्षाच्या संख्याबळावर वाटला जातो, म्हणून अपक्षाच्या वाट्याला मिनिटे येतात. सामंत निवडून आल्यानंतर काही आठवड्यांतच, १९८५ च्या सुरुवातीला, पक्षांतरबंदीची बावन्नावी घटनादुरुस्ती झाली. तिने अपक्षांसाठी स्वतंत्र तरतूद केली: निवडून आल्यावर अपक्षाने कोणत्याही पक्षात प्रवेश केला की त्याची जागा गेली. पक्षाच्या खासदारांना तेव्हा एक तृतीयांश फुटीची पळवाट ठेवलेली होती. एकट्या माणसाला ती कशी असणार? तेव्हा पुढची पाच वर्षे एकटे राहायचे हे डॉक्टरांच्या बाबतीत स्वभावाबरोबर कायद्यानेही ठरवून टाकले.

आता बी.आय.आर. ची गाठ थोडी उलगडून सांगतो, कारण तिच्याविषयी बरेच ऐकीव बोलले जाते. या कायद्याखाली एखाद्या भागातल्या उद्योगात पंचवीस टक्के सभासद दाखवणारी संघटना ‘प्रातिनिधिक’ होते, आणि एकदा ती तशी झाली की कामगारांच्या वतीने करार करण्याचा, न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार तिचा. पंचवीस टक्के हे सभासद नोंदवहीवरून मोजले जातात, मतदानाने नव्हे. आणि ते एका गिरणीत नव्हे, तर मुंबईच्या साऱ्या गिरण्यांत मिळून दाखवावे लागतात. इंजिनियरिंग आणि रसायनांच्या कारखान्यांना १९७१ चा वेगळा कायदा लागू होता. तेथे तीस टक्क्यांची अट असली तरी हिशेब एका कारखान्यापुरता असे. सामंतांची सारी यशस्वी लढाई या दुसऱ्या मैदानावर झाली होती. एका कारखान्यात शिरावे, संघटना उभी करावी, मालकाला करार करायला लावावा आणि पुढच्या फाटकावर जावे, ही त्यांची पद्धत गिरण्यांत चालणारच नव्हती. तेथे एकतर साठ गिरण्या एकदम जिंकायच्या, नाहीतर एकही नाही.

भांडुपकर

कलमवाला यांनी जे कायद्याच्या भाषेत सांगितले ते मी फाटकावरून पाहिलेले आहे. मी १९७९ मध्ये भांडुपच्या एका इंजिनियरिंग कारखान्यात लागलो, तेथे डॉक्टरांची युनियन होती आणि त्यांनी केलेल्या एका करारात माझा पगार अशा रकमेने वाढला की घरी सांगितल्यावर वडिलांनी आकडा पुन्हा विचारला. त्यामुळे मी त्यांचा निंदक आहे असे कोणी समजू नये. परंतु आमच्या कारखान्याचा माल बाजारात जाण्यासाठी रांगेत होता. एक पाळी बंद पडली तरी मालकाला घाम फुटत असे. गिरणी मालकांची गोष्ट उलट होती. त्यांच्या गोदामात न विकलेला माल पडून होता, भिवंडीचे यंत्रमाग त्यांना हवे तेवढे कापड स्वस्तात विणून देत होते आणि ज्या जमिनीवर गिरणी उभी होती तिचा भाव गिरणीपेक्षा जास्त होऊ लागला होता. ज्या मालकाचा संपामुळे फायदा होतो, त्याच्याविरुद्ध बेमुदत संप करू नये, हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

मग हे डॉक्टरांना कोणी का सांगितले नाही? माझ्या मते येथे ‘अपक्ष’ या शब्दाचा खरा अर्थ कळतो. आपण त्या शब्दाभोवती स्वच्छतेचे वलय पाहतो. प्रत्यक्षात अपक्ष म्हणजे ज्याला समोर बसवून ‘आता पुरे’ म्हणणारे कोणी नाही, असा माणूस. १९२८ मध्ये याच गिरणगावात सहा महिने संप चालला होता. त्याचे नेतृत्व करणारे कम्युनिस्ट पुढारी डांगे आणि त्यांचे सहकारी काही कमी जहाल नव्हते, तरी त्यांनी ऑक्टोबरमध्ये फॉसेट समितीची चौकशी मान्य करून माणसे कामावर परत नेली आणि संघटना आधीपेक्षा मोठी करून दाखवली. डांगे पुढे १९५७ आणि १९६७ मध्ये गिरणगावातून लोकसभेत गेले ते पक्षाचे म्हणून. त्यांच्या चुका झाल्या तेव्हा पक्षाने त्यांना जाबही विचारला आणि शेवटी बाहेरही काढले. सामंतांना जाब विचारणारी समिती कोठे होती? १९८२ चा संप आजतागायत अधिकृतपणे मागे घेतलेला नाही, हे लोक अभिमानाने सांगतात. मला ते वाक्य ऐकले की त्या माणसांची आठवण येते, जी ‘डॉक्टर सांगतील तेव्हा जाऊ’ म्हणून दोन वर्षे थांबली आणि जेव्हा गेली तेव्हा त्यांच्या जागी बदली कामगार घेतलेले होते किंवा खातेच बंद झालेले होते.

खासदारकीने या परिस्थितीत भर घातली. जिंकलेल्या पुढाऱ्याला आपण हरलो आहोत हे सांगणे आणखी कठीण जाते.

करी_रोड

तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ विचार केला. ते खरे असावे. पण ‘कोणी सांगणारे नव्हते’ यात एक गोष्ट निसटते आहे. ऑक्टोबर १९८१ मध्ये दिवाळीच्या बोनसचा तंटा पेटला, तेव्हा डॉक्टर गिरणगावात आले नव्हते. गिरणीतली माणसे उठून घाटकोपरला त्यांच्या दारात गेली होती. संप करायचाच हे त्यांनी डॉक्टरांच्या गळी उतरवले, असे माझे वडील सांगत. ते पढवलेले होते असे म्हणणाऱ्यांनी माझ्या वडिलांना पढवून पाहायला हवे होते.

आणि डांगे यांच्या काळात वाटाघाटी करण्यासाठी समोर कोणीतरी बसत असे. १९८२ मध्ये कोण बसणार होते? संप सुरू झाला त्याच महिन्यात मुख्यमंत्री अंतुले यांची खुर्ची गेली, बाबासाहेब भोसले आले, वर्ष उलटते तोच वसंतदादा पाटील आले. दिल्लीची भूमिका मात्र तीच राहिली, की गिरण्यांत सामंत जिंकले तर उद्या गोदीत आणि परवा बंदरावर शिरतील, म्हणून झुकायचे नाही. ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनी बंड केले तेव्हा त्यांच्याबरोबर गिरणी कामगारही रस्त्यावर उतरले, त्यानंतर तर ती भीती सरकारच्या मनात पक्की बसली. म्हणजे निर्णय दिल्लीत होत होता, हे आम्हा चाळीतल्या पोरांनाही कळत होते. मग डॉक्टर दिल्लीला गेले तर ते चुकीच्या सभागृहात गेले असे कसे म्हणता?

वैद्यबुवा

मी व्यवसायाने डॉक्टर आहे, म्हणून एका वेगळ्याच कारणासाठी लिहितो आहे. या धाग्यावर सगळे जण त्यांना ‘डॉक्टर’ म्हणत आहेत. त्या काळीही म्हणत. वकिलाने निवडणूक लढवली तर त्याला कोणी ‘वकीलसाहेब’ म्हणून मत देत नाही. आपल्या समाजात डॉक्टर या उपाधीत आधीच विश्वासाचे भांडवल असते आणि पक्ष नसलेल्या उमेदवाराला तेच चिन्हासारखे उपयोगी पडते.

मालवण तालुक्यातल्या देवबागचा हा मुलगा जी. एस. मेडिकलमध्ये शिकला. ते महाविद्यालय आणि त्याला जोडलेले के.ई.एम. रुग्णालय परळला, गिरण्यांच्या भर वस्तीत आहे. कापसाच्या धुळीने होणारा फुफ्फुसांचा विकार, सोमवारी पाळीवर गेल्यावर छाती आवळण्याचे ते लक्षण, आमच्या पिढ्यांनी तेथेच शिकले. पुढे पंतनगरला त्यांच्याकडे दगडखाणीतले मजूर जखमा घेऊन येत. माणसाला बरे करून पुन्हा त्याच खाणीत पाठवायचे, याला काही अर्थ नाही असे वाटून ते संघटनेकडे वळले. इथपर्यंत ती एका डॉक्टरची गोष्ट आहे आणि मला ती मनापासून भावते.

त्यानंतर मात्र मला त्यांच्यात डॉक्टर दिसत नाही. गिरणी संपाच्या मुख्य मागण्यांत पगार आहे, बदली आहेत, बी.आय.आर. आहे; ब्लो रूममधल्या, म्हणजे कापूस पिंजण्याच्या खात्यातल्या, धुळीचा प्रश्न त्या यादीत नाही. कदाचित कामगारांनाच तो तेव्हा महत्त्वाचा वाटत नसेल, कारण भूक आधी आणि खोकला नंतर. पण ज्या एका विषयावर सामंत संसदेत साऱ्या सभागृहापेक्षा अधिक अधिकाराने बोलू शकले असते, तो विषय घेऊन त्यांना कोणी ओळखत नाही. मूळ प्रश्नाला माझे उत्तर हे: सभागृह चुकीचे नव्हते, त्यात गेलेल्या माणसाने आपले हत्यार घरी ठेवले होते.

परळचा_पाहुणा

वैद्यबुवा, हे थोडे अन्यायाचे होत नाही का? ज्यांच्या घरी चूल पेटत नाही त्यांच्यासमोर फुफ्फुसांचे भाषण करणारा नेता किती दिवस टिकला असता?

बाकी करी_रोड यांच्या प्रश्नाने माझी मांडणी हलली आहे, हे मान्य करतो. मी एकटा बी.आय.आर. धरून बसलो होतो. ऑक्टोबर १९८३ मध्ये मुंबईतल्या तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन केंद्राने ताब्यात घेतले. जून १९८५ चे वस्त्रोद्योग धोरणही केंद्राचे. ज्या गिरण्या सावरण्यासारख्या नाहीत त्या बंद होऊ द्याव्यात, हे त्यात प्रथम उघडपणे मान्य केले गेले. त्याच वर्षी आजारी उद्योगांचा कायदा झाला आणि पुढे पुनर्रचना मंडळापुढे गिरण्यांच्या फायली वर्षानुवर्षे पडून राहिल्या. म्हणजे गिरणगावाचे जे पुढे व्हायचे होते, त्याचा मोठा भाग सामंत ज्या लोकसभेत बसले होते तिच्याच काळात ठरला. एवढेच नव्हे, तर १९८५ च्या विधानसभा निवडणुकीत त्यांच्या कामगार आघाडीचे काही उमेदवारही निवडून आले होते. तेव्हा त्यांनी राज्याकडे पाठ फिरवली असेही म्हणता येत नाही.

मग माझा आक्षेप मी असा दुरुस्त करतो: सभागृह बरोबर असेल, वेळ चुकीची होती. अपक्षाचे वजन त्याच्या गुणांवर नव्हे, समोरच्या बाकावरच्या आकड्यावर ठरते. ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०१८ मध्ये डॉ. केरिन फेल्प्स या सिडनीच्या वेंटवर्थ मतदारसंघातून पोटनिवडणुकीत अपक्ष निवडून आल्या. त्यांच्या विजयाने सरकारचे बहुमतच गेले, त्यामुळे अवघ्या चार महिन्यांत, फेब्रुवारी २०१९ मध्ये, बेटांवर डांबलेल्या आश्रयार्थी रुग्णांना उपचारासाठी ऑस्ट्रेलियात आणण्याची तरतूद सरकारच्या विरोधाला न जुमानता ७५ विरुद्ध ७४ मतांनी मंजूर झाली. एक मत! मे महिन्यात त्या हरल्या आणि डिसेंबरमध्ये ती तरतूद रद्दही झाली, हा भाग वेगळा. सामंतांच्या समोर चारशेहून अधिक होते. त्यांच्या जागी कोणीही असते तरी भिंतीशीच बोलला असता.

मिडलंड्सकर

मी गेली बावीस वर्षे इंग्लंडच्या मध्य भागात राहतो. येथून जवळच किडरमिन्स्टर नावाचे गाव आहे. ते गालिच्यांच्या मागांवर वाढले आणि त्या गिरण्या एकामागून एक बंद झाल्यामुळे तेथे गेलो की मला लालबाग आठवते. तेथल्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग २००० मध्ये बंद करून उपचार वूस्टरला हलवले गेले. त्याविरुद्ध डॉ. रिचर्ड टेलर हे निवृत्त डॉक्टर २००१ मध्ये ‘वायर फॉरेस्ट’ मतदारसंघातून उभे राहिले आणि सत्तारूढ मजूर पक्षाच्या एका कनिष्ठ मंत्र्याला १७,६३० मतांनी हरवून संसदेत गेले. त्या निवडणुकीत मजूर पक्षाचे बहुमतही प्रचंडच होते, म्हणजे परळचा_पाहुणा यांचा नियम लावला तर टेलर यांचाही उपयोग शून्य व्हायला हवा होता.

प्रत्यक्षात तो आपत्कालीन विभाग परत आला नाही, हे खरेच. पण किरकोळ जखमांवरचे उपचार आणि ठरवून करायच्या शस्त्रक्रिया यांचे केंद्र गावात राहिले, टेलर आरोग्यविषयक संसदीय समितीवर बसले आणि २००५ मध्ये पुन्हा निवडून आले. २०१० मध्ये ते हरले. मला त्यांच्यात आणि सामंतांत एक फरक जाणवतो. टेलर यांच्या मागे एक नोंदवलेली स्थानिक संघटना होती, जिचे नगरसेवक जिल्हा परिषदेत बसत आणि ज्यांना रोजच्या बारीक गोष्टी पाहायला वेळ असे. शिवाय उदारमतवादी पक्षाने त्यांच्याविरुद्ध उमेदवारच दिला नाही. म्हणजे ते नावाला अपक्ष, पण एकटे मुळीच नव्हते. भांडुपकर ज्याला ‘सांगणारे कोणी’ म्हणतात ते त्यांच्याकडे होते. अर्थात एका रुग्णालयाचा लढा आणि अडीच लाख माणसांची भाकरी यांची तुलना कितपत करावी, याचा मलाच संकोच वाटतो.

भांडुपकर

संकोच योग्य आहे, तरी मुद्दा पटला. सामंतांकडे शेकडो कारखान्यांतल्या युनियन होत्या, पण त्या सगळ्या त्यांच्या खिशात. प्रत्येक फाटकावर एकच माणूस बोलायला हवा असे. दुसरी फळी नव्हती. १९८९ मध्ये ती लोकसभेची जागा शिवसेनेकडे गेली. आठ वर्षांनी, १६ जानेवारी १९९७ ला, संपाला पंधरा वर्षे पूर्ण व्हायला दोन दिवस असताना पवईत त्यांच्या घराजवळ गोळ्या झाडून त्यांचा खून झाला. दुसऱ्या दिवशी आमच्या कारखान्यात एकही यंत्र सुरू झाले नाही. कोणी बंदची हाक देण्याची वाट पाहिली नाही. मी त्यांच्यावर एवढी टीका करतो, पण त्या अंत्ययात्रेत मी होतो.

कलमवाला

एक भर घालून थांबतो. १९५७ मध्ये लोकसभेत बेचाळीस अपक्ष होते, १९९१ मध्ये एक, २०१९ मध्ये चार, २०२४ मध्ये सात. त्या सातांत सांगलीचे विशाल पाटीलही आहेत. अलीकडच्या अपक्षांपैकी बरेच जण पक्षाने तिकीट नाकारल्यामुळे अपक्ष झालेले असतात आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी कोणाला तरी पाठिंब्याचे पत्र देतात. कायदा ‘प्रवेश’ रोखतो, ‘पाठिंबा’ रोखत नाही. सामंत या प्रकारात मोडत नाहीत. ते एकेकाळी काँग्रेसचे आमदार असूनही आणीबाणीत त्याच पक्षाच्या सरकारने त्यांना तुरुंगात टाकले होते. त्यांचे अपक्ष असणे हे कोणत्या तरी पक्षाची वाट पाहणे नव्हते. भांडुपकर यांना त्यात हेकेखोरपणा दिसतो, मला त्यात निदान हिशेबीपणा दिसत नाही. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

वैद्यबुवा

परळचा_पाहुणा यांनी मला अन्याय केल्याचे म्हटले. मागे वळून पाहता माझे ‘हत्यार घरी ठेवले’ हे वाक्य चटकदार करण्याच्या नादात लिहिले गेले, ते मी मागे घेतो. पण धुळीचा मुद्दा मागे घेत नाही. माझ्याकडे अजूनही अधूनमधून सत्तरी-पंचाहत्तरीचे निवृत्त कामगार येतात, ‘दमा आहे’ असे सांगतात, आणि विचारले की कळते की वीस वर्षे कार्डिंगमध्ये, म्हणजे कापूस विंचरण्याच्या खात्यात, काढलेली आहेत. त्यांच्या कोणत्याही कागदावर या आजाराची नोंद व्यवसायजन्य म्हणून झालेली नसते. नुकसानभरपाईचा प्रश्न तेथेच संपतो.

करी_रोड

कागदाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील अठ्ठावन्नाव्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची महापालिका, घरांसाठी म्हाडा आणि मालक यांना प्रत्येकी एक तृतीयांश अशी वाटणी ठरवली होती. २००१ च्या दुरुस्तीने ती फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि घरांसाठी येणारा तुकडा लहान झाला. तरीही दत्ता इस्वलकर आणि बंद गिरणी कामगार संघर्ष समिती यांनी वर्षानुवर्षे रेटा लावल्यामुळे गिरणी कामगारांसाठी घरे बांधली गेली आणि २०१२ मध्ये म्हाडाने पहिली सोडत काढली. इस्वलकर कधी खासदार झाले नाहीत, हे परळचा_पाहुणा यांच्या पारड्यात टाका.

आम्हीही अर्ज भरला होता. त्यासाठी वडील गिरणीत होते याचा पुरावा लागत होता. गिरणीच्या कार्यालयात आता एक मॉल आहे. शेवटी आईच्या खाणावळीच्या वहीत घडी करून ठेवलेली एक पगारपावती सापडली. पात्रतेची अट अशी होती की कामगार १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर कामावर असला पाहिजे. संप त्यानंतर सतरा दिवसांनी सुरू झाला. वडिलांची पावती डिसेंबर १९८१ ची होती. खिडकीवरच्या मुलाने ती उलटसुलट पाहिली आणि जानेवारीची आहे का, असे विचारले. मी त्याला सांगितले की जानेवारीचा पगार कोणी घ्यायला गेलेच नाही.